ग्राफिक्स कार्डमुळे पीसी गोठतो? पॉवर मॅनेजमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांच्या पत्रांत एक तक्रार सतत असते: पीसी मध्येच हँग होतो, दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवं घेऊ का? लिहिणाऱ्याने तोवर विंडोज एकदा तरी नव्याने टाकून पाहिलेलं असतं. खिशात हात घालण्याआधी एक गोष्ट नीट पाहा, असा माझा आग्रह आहे. पीसी नेमका कधी गोठतो? निवांत असताना, भार वाढताना, की स्लीपमधून उठताना? पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये असतात तीच देवनागरीत दिली आहेत.

१. ग्राफिक्स कार्डचं पॉवर मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय?

कार्ड सतत पूर्ण ताकदीने चालत नाही. काम नसेल तेव्हा ते आपला क्लॉक (कामाचा वेग) आणि व्होल्टेज खाली आणतं, काम आलं की वर नेतं. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० चं उदाहरण घ्या. नुसता डेस्कटॉप समोर असताना कोअर क्लॉक साधारण २१० मेगाहर्ट्झ आणि मेमरी ४०५ मेगाहर्ट्झवर असते. गेम सुरू होताच कोअर १८००-१९०० च्या घरात आणि मेमरी ७५०० वर जाते. व्होल्टेजही पाऊण व्होल्टच्या आतून एक व्होल्टच्या आसपास चढतं. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली पीसीआय एक्सप्रेस लिंकसुद्धा अशीच झोपते आणि जागी होते. हे बदल दिवसभरात असंख्य वेळा होतात. त्यातला एखादा फसला, म्हणजे क्लॉक वर गेला पण व्होल्टेज वेळेवर पोचलं नाही किंवा लिंक जागीच झाली नाही, की कार्ड उत्तर देणं थांबवतं आणि चित्र गोठतं.

२. गोठण्याचं कारण कार्डच आहे, हे कसं ओळखायचं?

चित्र थांबल्यावर घाईने पॉवरचं बटण दाबू नका. गाणं चालू आहे का ऐका. कीबोर्डवरचं नमलॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का पाहा. दोन्ही चालू असतील तर बाकी पीसी जिवंत आहे, अडकलं आहे ते फक्त चित्र. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर संशय जवळपास पक्का झाला.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये त्या वेळेच्या नोंदी वाचा. 'डिस्प्ले' या नावाखाली ४१०१ असेल तर ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो सावरला, असा त्याचा अर्थ. निळ्या पडद्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' आलं असेल तर सावरणं जमलं नाही. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या 'व्हिया लॉगर'ची १७ क्रमांकाची नोंद पुन्हापुन्हा दिसत असेल तर पीसीआय एक्सप्रेस लिंकवर चुका होत आहेत. मग उत्तर ४ आणि १६ वाचा.

३. लॉगमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसतं. म्हणजे एसएमपीएस खराब आहे ना?

नाही. या नोंदीच्या नावात 'पॉवर' आहे म्हणून कित्येकांनी चांगले एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारे डबे) काढून टाकले आहेत. ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. गोठलेला पीसी तुम्ही बटण दाबून बंद केलात तरी ही नोंद येते, लाइट गेली तरी येते. तिच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत काय लिहिलं आहे ते महत्त्वाचं.

४. गेम तासन्तास नीट चालतो, पण यूट्यूब लावलं किंवा नुसता ब्राउझर उघडला की गोठतो. असं उलटं कसं?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि पॉवर मॅनेजमेंटच्या बिघाडाची सर्वात स्पष्ट खूणही हीच. गेममध्ये कार्ड एकदा वर चढलं की तिथेच राहतं. ब्राउझरमध्ये मात्र पान सरकवलं की वर, थांबलं की खाली, व्हिडिओ सुरू झाला की मधल्या पातळीवर, अशी सतत चढउतार चालते. चढावर गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा गिअर बदलताना, तसंच हे. जो पीसी फक्त हलक्या कामात गोठतो, त्याचं कार्ड 'ताकद कमी पडली' म्हणून गोठत नसतं.

या क्रमाने करा, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आधी कंट्रोल पॅनलमधून पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू प्लॅनच्या 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'मध्ये जा. पीसीआय एक्सप्रेसखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' आहे, ते 'ऑफ' करा. लिंकला झोपवणारी विंडोजची सोय याने थांबते. डेस्कटॉपवर याचा तोटा नगण्य आहे. नेहमी जितक्या वेळात पीसी एकदा तरी गोठतो, त्याच्या दुप्पट वेळ रोजच्यासारखं काम करून पाहा.

तरीही गोठला तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमधल्या 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट मोड' हा 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' करा. एएमडीच्या कार्डाला हुबेहूब असा पर्याय नाही. ज्या कार्डांत ॲड्रेनलिन या एएमडीच्या प्रोग्रॅमच्या ट्यूनिंग भागात किमान फ्रीक्वेन्सी वाढवता येते, तिथे ती वाढवून पाहा. कार्ड फार खाली उतरू दिलं नाही आणि गोठणं थांबलं, तर दोष चढउतारीतच आहे हे सिद्ध झालं.

तिसरी पायरी ब्राउझरच्या सेटिंग्जमधलं 'हार्डवेअर ॲक्सलरेशन' बंद करण्याची. हा इलाज नव्हे, कारण त्यामुळे व्हिडिओचा भार प्रोसेसरवर जातो. पण गोठणं फक्त ब्राउझरमध्येच होत असेल तर शोध कुठे घ्यायचा ते यातून कळतं.

५. 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' कायम ठेवलं तर कार्ड लवकर खराब होईल का? वीजबिल किती वाढेल?

निवांत असतानाही कार्ड थोडं गरम राहील आणि पंखे जास्त वेळा फिरतील, पण गेम खेळताना सोसतं त्या मानाने हा ताण काहीच नाही. बिलाचा हिशोब सोपा आहे. समजा निवांत असताना २० वॅट जादा लागले आणि पीसी रोज ८ तास चालतो, तर महिन्याला ४.८ युनिट होतात. तरी मी हे कायमचं ठेवायला सांगणार नाही. ते निदानासाठी वापरा. फरक पडला तर नवा ड्रायव्हर किंवा मदरबोर्डचा नवा बायोस (पीसी सुरू करणारा त्याचा मूळ प्रोग्रॅम) आल्यावर जुन्या सेटिंगवर परत जाऊन पाहा.

६. जीपीयू-झेडमध्ये माझं चौथ्या पिढीचं कार्ड '१.१' वर चाललेलं दिसतं. स्लॉट खराब आहे का?

बहुधा काहीच खराब नाही. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातला '१.१' म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची पहिली पिढी. काम नसताना लिंकचा वेग पहिल्या पिढीवर उतरतो, हीच ती वीजबचत. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी रेंडर टेस्ट चालवा, आकडा लगेच वर जायला हवा. टेस्ट चालू असतानाही वर गेला नाही, किंवा १६ ऐवजी ८ किंवा ४ लेन (लिंकमधल्या समांतर वाटा) दिसल्या, तर पीसी बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि क्लिक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. काही मदरबोर्डांवर दुसरा एनव्हीएमई एसएसडी लावल्यावर स्लॉटच्या लेन मुद्दामच कमी होतात, तेवढं मॅन्युअलमध्ये तपासा.

७. माझा पीसी गोठत नाही, गेममध्ये झटक्यात बंद होतो किंवा रिस्टार्ट होतो. तेच कारण का?

हे दुखणं वेगळं आहे. गोठणं म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर अडकणं, झटक्यात बंद पडणं म्हणजे बहुतेक वेळा एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडणं. कार्डाची वीज सरासरीने मोजतात, पण मिलिसेकंदापेक्षाही कमी काळासाठी ते त्याच्या दुप्पट खेचू शकतं. ३०० वॅटचं कार्ड क्षणभर ६०० वॅट मागतं आणि संवेदनशील एसएमपीएस ते शॉर्टसर्किट समजतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे अशी अट घातली.

खात्री करायची असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'पॉवर लिमिट' ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर आधी एसएमपीएस आणि केबल तपासा (उत्तर ८).

८. एसएमपीएस पुरेशा वॅटचा आहे, तरी कार्डाला वीज कमी पडू शकते का?

हो, केबलमुळे. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, सहा पिनी जोड ७५ आणि आठ पिनी जोड १५०. कार्डाला दोन आठ पिनी जोड असतील आणि एकाच केबलची दोन तोंडं दोन्हींत खोचली असतील, तर सगळा प्रवाह एकाच केबलीतून जातो. दोन स्वतंत्र केबली लावा. हार्ड डिस्कसाठीच्या साटा जोडातून आठ पिनी करणारा कन्व्हर्टर तर कधीच वापरू नका. साटाचा जोड १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट देण्यासाठी बनलेला असतो. तिथे पीसी गोठणं ही छोटी अडचण आहे, जोड वितळण्याची भीती मोठी.

एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये बऱ्याच कार्डांवर आत येणारं १२ व्होल्ट दिसतं. मानकाप्रमाणे ते ११.४ ते १२.६ मध्ये असावं. भार आल्यावर ११.४ च्या खाली घसरत असेल तर ड्रायव्हर बदलत बसू नका.

९. नव्या कार्डाला सोळा पिनी जोड आहे. पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरतात आणि स्क्रीन काळी होते. काय पाहू?

या जोडात वीज वाहणाऱ्या १२ पिना असतात आणि ४ बारीक पिना केबल किती वॅटची आहे हे कार्डाला सांगतात. त्या बारीक पिनांचा संपर्क सुटला की कार्ड काम थांबवू शकतं. पीसी बंद करून, प्लग काढून जोड पूर्ण आत ढकला. जोड आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून साडेतीन सेंटीमीटरपर्यंत केबल वाकवू नका. आरटीएक्स ४०९० चे जोड वितळण्याच्या तक्रारी आल्या तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, खुद्द एनव्हीडियानेही जोड पूर्ण न बसणं हे एक ठळक कारण सांगितलं होतं. त्यानंतरच्या सुधारित रचनेत बारीक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे जोड अर्धवट बसला तर वीजच सुरू होत नाही. काढलेल्या जोडावर तपकिरी डाग किंवा जळका वास असेल तर तो पुन्हा लावू नका.

१०. आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते, यूपीएस आहे. त्याचा संबंध असेल का?

असू शकतो. लाइट गेल्यावर साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, जुना झालेला तेवढा धरत नाही. शिवाय घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. गेमिंग कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्या पुढे गेले की यूपीएस हार मानतो. काही यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुबकपणे खेचणाऱ्या सर्किटचे) काही एसएमपीएस त्यावर बिथरतात. यूपीएसने रिले बदलल्याचा 'टक' आवाज आणि पीसीचं गोठणं किंवा बंद पडणं एकाच वेळी होतं का, हे लक्ष देऊन ऐका. दोन-तीनदा जुळलं तर यूपीएस वगळून, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर पीसी थेट चालवून पाहा.

११. स्लीपमधून उठवलं की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. असं का?

आधी उत्तर २ मधली चार बटणं दाबून पाहा. चित्र आलं तर ड्रायव्हर नीट जागा होत नाही. मग 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि ड्रायव्हरची बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत येते. म्हणूनच रिस्टार्ट केल्यावर ठीक होतं आणि बंद-चालू केल्यावर होत नाही, अशी गोंधळात टाकणारी तक्रार ऐकू येते.

एक अपवाद इथे फार लोकांना चकवतो. डिस्प्लेपोर्ट केबलीतली विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी, असं मानक आहे. स्वस्त केबलींत ती कधीकधी जोडलेली असते. मग मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात आणि पीसी सुरू होताना किंवा उठताना अडतो. एचडीएमआयवर हा त्रास गेला तर पाचशे-हजारची केबल बदला, कार्ड नको.

१२. ड्रायव्हर अपडेट केल्यापासून सुरू झालं. जुना टाकू का?

टाका, पण नीट पुसून. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर सेफ मोडमध्ये चालवा, त्या वेळी इंटरनेट बंद ठेवा (नाहीतर विंडोज स्वतःहून ड्रायव्हर आणून बसवतं) आणि ज्यावर सगळं सुरळीत होतं तीच आवृत्ती बसवा.

ड्रायव्हर दोषी असतोच असं नाही, पण असू शकतो याला इतिहास आहे. २०१९ मध्ये आलेल्या आरएक्स ५७०० मालिकेच्या मालकांना काळ्या पडद्याने महिनोन्महिने सतावलं. फेब्रुवारी २०२० च्या २०.२.२ या ड्रायव्हरमध्ये एएमडीने त्यातल्या बऱ्याच तक्रारी दूर केल्या. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आल्या आल्या गेममधून बाहेर फेकू लागलं, तेव्हा सगळा रोख कार्डामागच्या कपॅसिटरांवर होता. एनव्हीडियाच्या ४५६.५५ ड्रायव्हरनंतर मात्र बऱ्याच जणांचा त्रास, कार्डाला हातही न लावता, थांबला.

१३. मी अंडरव्होल्ट केलंय (कार्डाचं व्होल्टेज घटवलंय). बेंचमार्क पास होतो, तरी डेस्कटॉपवर गोठतो.

बेंचमार्क, म्हणजे कार्डाचा वेग मोजणारी चाचणी, क्लॉक आणि व्होल्टेज यांच्या वक्ररेषेचं वरचं टोक तपासते. तुम्ही आफ्टरबर्नरमध्ये सगळी रेषा सरकवली असेल, तर मधल्या आणि खालच्या पायऱ्यांवरही व्होल्टेज घटलं आहे आणि कार्ड तिथून जाताना अडखळतं. सगळं मूळ स्थितीत आणून काही दिवस वापरा. कारखान्यातून ओव्हरक्लॉक होऊन आलेल्या कार्डाचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झने खाली आणून पाहणंही याच कारणासाठी योग्य.

१४. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं आहेत. चार्जर काढला किंवा गेम बंद केला की दोन सेकंद सगळं थांबतं.

प्रोसेसरमधलं छोटं कार्ड चित्र दाखवतं आणि मोठं कार्ड काम नसताना पूर्ण बंद होतं. एनव्हीडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस या नावाने ही पद्धत आणली. मोठ्या कार्डाला उठायला क्षणभर लागतो, त्यामुळे अर्धा-एक सेकंदाचा अडखळा सामान्य आहे. तो सतत येत असेल तर तापमान दाखवणारे प्रोग्रॅम बंद करा. ते दर सेकंदाला विचारणा करून झोपलेल्या कार्डाला उठवत राहतात. पूर्ण गोठत असेल तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये फक्त मोठं कार्ड चालू ठेवण्याचा पर्याय आहे का पाहा. त्यावर गोठणं थांबलं तर दोष झोपण्या-उठण्यात आहे, आणि बायोस अपडेटनेच तो सुटण्याची शक्यता जास्त. मूळ वॅटचाच चार्जर वापरा.

१५. रजिस्ट्रीत 'टीडीआर डिले' वाढवा, असं सगळे सांगतात. वाढवू का?

गोठण्यावर उपाय म्हणून नको. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करायचा, ही विंडोजची मूळ मर्यादा आहे. ती १० केलीत तर अडकलेलं कार्ड सुटत नाही, तुम्ही फक्त दहा सेकंद गोठलेला पडदा पाहता. थ्रीडी रेंडरिंगसारख्या कामात एखादी आज्ञा खरोखरच लांब चालते, तिथे ही मर्यादा वाढवणं रास्त आहे.

१६. कार्ड बदललं, तरी तसाच गोठतो. आता?

मग दोष कार्डाच्या बाहेर आहे. कार्ड रायझर केबलवर (स्लॉट आणि कार्ड जोडणारी लांब केबल) उभं लावलं असेल तर पहिला संशय तिचा. तिसऱ्या पिढीची केबल आणि चौथ्या पिढीचं कार्ड अशी जोडी असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग 'जेन ३' करा. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहा.

निवांत असताना गोठणाऱ्या पीसीत प्रोसेसरचं पॉवर मॅनेजमेंटही दोषी असू शकतं. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, ते झोपेत इतकी कमी वीज घेत की काही जुन्या एसएमपीएसना तेवढा हलका भार सांभाळता येत नव्हता. पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरांवरही निवांत असताना गोठण्याच्या तक्रारी होत्या. त्यासाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' ही सेटिंग आली. ती 'टिपिकल करंट आयडल' करून पाहा. लक्षणं कार्डाच्या दोषासारखीच दिसतात, म्हणून हे शेवटी सुचतं.

१७. लिनक्सवरही हेच होतं का?

होतं, आणि तिथे नोंदी जास्त स्पष्ट असतात. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'एक्सआयडी ७९' आणि 'जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस' असं दिसलं तर कार्ड लिंकवरून गायब झालं आहे: वीज, केबल, स्लॉट, उष्णता या क्रमाने तपासा. एएमडीच्या कार्डांवर 'रिंग' आणि 'टाइमआउट' हे शब्द शोधा. चाचणीपुरते कर्नलच्या बूट ओळीत 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' किंवा 'एएमडीजीपीयू.रनपीएम=०' हे पर्याय, इंग्रजी लहान अक्षरांत, एका वेळी एकच घाला. पहिला कर्नलला लिंकची झोप चालू करू देत नाही, दुसरा कार्डाची झोप थांबवतो.

१८. वॉरंटीत देतो तर दुकानात सगळं ठीक चालतं आणि कार्ड परत येतं. काय करू?

दुकानात बहुतेक वेळा बेंचमार्क चालवतात, म्हणजे नेमकी ती अवस्था जिच्यात तुमचं कार्ड गोठत नाही. कार्डासोबत एक कागद द्या. गोठण्याच्या तारखा आणि वेळा, त्या क्षणी काय चालू होतं, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचे फोटो, ड्रायव्हरची आवृत्ती, एसएमपीएसचं मॉडेल, आणि कोणती सेटिंग बदलल्यावर फरक पडला किंवा पडला नाही. शक्य असेल तर तेच कार्ड दुसऱ्याच्या पीसीत, वेगळ्या एसएमपीएसवर, मूळ सेटिंगवर चालवून तिथेही गोठल्याचा व्हिडिओ घ्या. 'ब्राउझर उघडा ठेवून, व्हिडिओ थांबवत-चालू करत तपासावं' असं त्या कागदावर स्पष्ट लिहा आणि जमा केल्याच्या पावतीवरही ते लिहून घ्या.